गोव्याची पावती आणि कात्रीसाहेब

गाडीच्या सीटखाली काय काय साठतं ते सीट काढल्याशिवाय कळत नाही. हेअरपिना, गोट्या, अर्धं बिस्किट, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता. स्टँडवरच्या गोष्टींचंही तसंच. एक काढायला जावं तर तिला चिकटून चार येतात.

शनिवार पेठेत आमचा टुरिस्ट गाड्यांचा स्टँड आहे. सकाळच्या चहाला कुणी नवा माणूस आला की सदू पोकळे त्याला सांगतो, "नानांना गोव्याचं विचारा." नाना म्हणजे मी. मी नाही म्हणतो. मग सदूच सांगायला लागतो, आणि सगळं चुकीचं सांगतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. माझा नंबर लागायला अजून दोन गाड्या पुढे आहेत, तेवढ्यात होईल तेवढं. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, तेव्हा कुणी शुद्धलेखन काढत बसू नये. गोष्ट वाचावी आणि गप्प बसावं.

*

आधी माझ्या गाडीबद्दल. मी चाळीसने चालवतो. घाटात त्याहून कमी. हायवेला मागचा फारच बोंबलायला लागला तर पन्नास, तेही त्याच्यावर उपकार म्हणून.

आणि घाटमाथा आला की मी थांबतो. खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, चाकांवर पाणी मारायचं, गाडीला दम खाऊ द्यायचा. मला ज्यांनी गाडी शिकवली त्या उस्तादांची ही शिस्त. तेव्हाच्या गाड्या घाट चढल्या की किटलीसारख्या वाफा सोडायच्या. आताच्या सोडत नाहीत. पण शिस्त ती शिस्त.

सदू एकदा म्हणाला, "नाना, ही नवी गाडी आहे. ही दमत नाही."

मी म्हटलं, "तुला काय माहीत? तिने तुला सांगितलं?"

स्टँडवर माझ्या नावाने एक म्हणच पाडली आहे. नानांच्या गाडीत बाळंतीण बसवू नये, बारसं वाटेत होतं.

असा मी. आणि एके दिवशी माझ्या मोबाईलवर मेसेज आला की गोव्यात तुमची गाडी ओव्हरस्पीडमध्ये सापडली आहे. वेग लिहिला होता नव्वदच्या वर. मी तो सदूला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला. मग उठला, समोरच्या दुकानात गेला आणि पेढे घेऊन आला. अख्ख्या स्टँडला वाटले. मला दिला तेव्हा म्हणाला, "अभिनंदन, नाना. तुमची गाडी चालते हे सरकारने मान्य केलं."

*

आता खरं काय झालं ते. त्या दिवशी माझ्या गाडीत परांजपे होते. हे परांजपे पेठेतलेच, रिटायर्ड हेडक्लार्क, माझं जुनं गिऱ्हाईक. पुतण्याच्या लग्नाला गोव्याला निघाले होते. एका सरळ रस्त्यावर उजवीकडून एक पांढरी गाडी सुसाट आली आणि आम्हाला घासून पुढे गेली. आत पोरं, मोठ्याने गाणी. पुढे झाडाखाली पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी. कॅमेऱ्याने वेग मोजला पांढरीचा आणि नंबर उचलला माझा. एवढी साधी गोष्ट.

स्टँडचा नियम असा की परराज्यातली पावती म्हणजे देवळातली दक्षिणा. टाकायची आणि मागे वळून बघायचं नाही. सदूने तेच सांगितलं. मी टाकली नाही. जे केलं नाही त्याची दक्षिणा कशाला? मग एक दिवस कोर्टाचं समन्स आलं. त्यात नुसता दंड नव्हता. सरकारी वकिलांनी माझं लायसन्स काही महिने जमा करायची मागणी केली होती.

तिथे मात्र माझी झोप उडाली. दिवाळीनंतर लायसन्स रिन्यू करायचं होतं. या वयात आरटीओतला माणूस आधी तोंडाकडे बघतो, मग कागदाकडे. त्यात जमा झालेलं लायसन्स म्हटल्यावर संपलंच. पेठेतून माझी गाडी जायची ती कायमची.

घरी विश्रांतवाडीला जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाऊ द्या ना ते लायसन्स. खूप झालं. घरी बसा आता."

मग थापता थापता थांबली. जरा विचार केला.

"दिवसभर घरात? नको. जा, भांडा तुम्ही."

*

पहिल्या तारखेला गेलो. गोव्यातल्या एका तालुक्याचं कोर्ट. नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत तिथली, मासे त्याहून चांगले. व्हरांड्यात आमच्यासारखे महाराष्ट्रातून आलेले आठ-दहा ड्रायव्हर उभे होते. तेवढ्यात सरकारी वकील आले. गोरे, गोल चेहऱ्याचे, काळा कोट, हातात फायलींचा गठ्ठा. त्यांनी आम्हाला शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं केलं आणि गोव्याच्या गोड हेलात समजावलं की आत मॅडम विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तेव्हा नुसती मान हलवायची. बोलायचं नाही, वेळ जातो. दहा मिनिटांत सगळे मोकळे.

मी विचारलं, "कुठल्या बाजूने हलवायची?"

ते म्हणाले, "वर-खाली, आजोबा, वर-खाली."

आजोबा! माझ्या मुलाने अजून मला आजोबा केलेलं नाही.

आत गेलो. मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या, चष्मेवाल्या, आमच्याशी मराठीतच बोलल्या. त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या माना वर-खाली. माझी आडवी.

वकीलसाहेब म्हणाले, "सगळ्यांना कबूल आहे, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्यांची मान आडवी हलतेय."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात सांगितलं, "वय झालंय त्यांचं, मॅडम. मान हलते."

मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण असा कट कुणी मारला नव्हता. म्हटलं, "मॅडम, मानेचं माझं मी बघतो. गुन्हा मला कबूल नाही."

बाकीचे दहा मिनिटांत सुटले. जाताना एक कोल्हापूरचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, शेरास सव्वाशेर हाय तो वकील. संभाळा."

*

मग फोटो निघाला. वकीलसाहेबांनी तो मॅडमना दिला, मॅडमनी मला दाखवला. फोटोत माझी गाडी, नंबर स्वच्छ, बाकी काही नाही. पांढरी गाडी गायब. पण फोटोची एक कड माझ्या गाडीला अगदी खेटून कापलेली होती, आणि त्या कडेला पांढरं असं काहीतरी चिमूटभर शिल्लक होतं. गाडीच्या बाजूचा आरसा. माझ्या गाडीचा रंग निळा आहे.

मी विचारलं, "मॅडम, हा आरसा कुणाचा?"

वकीलसाहेब म्हणाले, "ऊन पडलंय ते."

मी म्हटलं, "उन्हाला दांडी असते का?"

मॅडमनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि वकिलांना सांगितलं, पुढच्या तारखेला पूर्ण फोटो हजर करा.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी मला गाठलं. तसे ते रागावले नव्हते. उलट समजावत होते की एवढ्याशा गोष्टीसाठी पुण्याहून येता, दंडापेक्षा डिझेल महाग पडेल. मी म्हटलं, "साहेब, मी चाळीसने येतो. डिझेल कमी लागतं."

परत येऊन स्टँडवर हे सांगितलं, त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं कात्रीसाहेब.

*

या वागण्याची वर तक्रार करायची असं मी ठरवलं. लिहायला परांजप्यांकडे गेलो. मी सांगत होतो, ते लिहीत होते. माझं पहिलंच वाक्य होतं की तुमचा वकील खोटारडा आहे. परांजप्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो नाना, सरकारी कागदात कुणाला खोटारडा म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणायचं?"

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "सदर वकील महोदय अत्यंत कार्यक्षम असून, त्यांची सत्याशी एकदा ओळख करून देण्यात यावी, ही नम्र विनंती."

मी म्हटलं, "यात शिवी कुठे आहे?"

परांजपे म्हणाले, "ती त्यांना घरी गेल्यावर सापडेल."

आणि सापडली! पुढच्या तारखेला कात्रीसाहेबांनी मला पाहिलं आणि परांजप्यांना विचारलं, "ओळख करून देणारे ते तुम्हीच काय?" परांजप्यांनी मान लववून नमस्कार केला, सत्कार झाल्यासारखा.

त्या दिवशी कात्रीसाहेब पूर्ण फोटो आणणार होते. त्यांनी गुंडाळी सोडली. कॅलेंडरएवढा मोठा फोटो निघाला. पण तोच! त्याच जागी कापलेला, फक्त मोठा केलेला. आधी चिमूटभर दिसणारा आरसा आता पसाभर दिसत होता.

मॅडम म्हणाल्या, "मी पूर्ण मागितला होता. तुम्ही मोठा आणलात."

कात्रीसाहेब म्हणाले की खात्याकडून आला तो असाच आला. बाकी फोटो मशीनमध्येच आहे आणि मशीन दुरुस्तीला गेलंय. सरकारी मशीन दुरुस्तीला गेलं की माझ्यापेक्षाही हळू परत येतं, हे मलाही माहीत आहे. पण तेवढ्यावर माझं लायसन्स जाणार होतं.

*

मग परांजप्यांची साक्ष झाली. परांजपे माझ्या बाजूचे साक्षीदार होते, म्हणजे मला तसं वाटत होतं.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी गाडी किती वेगात होती?

परांजपे म्हणाले, "मॅडम, आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. जाताना त्याने हात केला."

मग त्यांचा जो बांध फुटला तो फुटलाच. पुतण्याचं लग्न कसं चुकलं, मुहूर्त कसा टळला, पोचलो तेव्हा पंगती उठून आचारी भांडी घासत होते, नवरीमुलगी निघून गेली होती, खिशातल्या अक्षता खिशातच राहिल्या. वहिनी अजून बोलत नाहीत. मोबाईलमधली बाई सकाळी सांगत होती की अकराला पोचाल. जसजसं गाव जवळ येत गेलं तसतशी ती वेळ वाढवत गेली. शेवटी शेवटी तर ती गप्पच बसली. एवढं सगळं ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते. मी आरोपी होतोच, पण आता दोन गुन्ह्यांचा आरोपी वाटायला लागलो.

कात्रीसाहेब उठले. "तुम्ही आरोपीचे मित्र आहात?"

"होतो. त्या लग्नापर्यंत."

पण कात्रीसाहेब वकील होते, हजामत करायला बसले नव्हते. ते मॅडमकडे वळून म्हणाले की बघा, उशीर झाला होता हे साक्षीदारच सांगतोय. मग तो भरून काढायला आरोपीने पुढे गाडी पळवली असणार. मी मनात म्हटलं, गेलं लायसन्स.

परांजपे शांतपणे म्हणाले, "उशीर भरून काढला असता, तर मी जेवलो असतो."

मॅडमनी फाईल तोंडापुढे धरली. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्या हसत आहेत.

तरी कात्रीसाहेबांनी सोडलं नाही. साक्षीदार जवळचा आहे, ऐकू नये म्हणाले. शेवटी लेखी देऊन टाकलं की आरोपी हा सवयीने भरधाव गाडी चालवणारा इसम आहे, लायसन्स जमा करावं. सवयीने! मला रस्त्यात बैल ओळखतात, आणि हा माणूस म्हणतो सवयीने भरधाव.

मॅडमनी शेवटची तारीख दिली. दोघांनाही बजावलं की अकराला निकालाचं बोलू, उशीर चालणार नाही.

*

शेवटच्या तारखेला परांजपे आपणहून आले. म्हणाले, लग्न बघायला मिळालं नाही, निदान निकाल तरी बघू. आदल्या दिवशीच निघून आम्ही आजऱ्याला मुक्काम केला. म्हणजे मॅडमच्या वेळेत पोचायची मी सगळी तयारी केली होती, हे लक्षात घ्या.

सकाळी आंबोलीचा घाटमाथा आला. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, बॉनेट उघडलं. पाण्याची बाटली घ्यायला वळलो, तर थोडं पुढे आणखी एक गाडी बॉनेट उघडून उभी. मला बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखा शहाणा दुसराही आहे.

परांजप्यांनी काच खाली केली आणि हळूच म्हणाले, "नाना, कात्री."

खरंच तेच. हातावर काळा कोट, कपाळावर घाम. सासुरवाडीहून परत निघाले होते आणि गाडी बंद पडली होती. मोबाईलला रेंज नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मग परत माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बसा. पण केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ना तुम्ही, ना मी."

ते बसले, मागे परांजप्यांच्या शेजारी. मी चाकांवर पाणी मारत होतो.

"चला की," ते म्हणाले.

मी म्हटलं, "गाडी दम खातेय."

"ही तर नवी गाडी ना?"

परांजपे त्यांना म्हणाले, "विचारू नका. मी विचारून बघितलंय."

गाडीचा दम खाऊन झाला, मग निघालो. घाट उतरताना दुसरा गिअर, ही पण उस्तादांचीच शिस्त. एसटी पुढे गेली. दुधाचा टेम्पो पुढे गेला. कोंबड्यांची गाडी गेली, तिच्यातल्या कोंबड्या आमच्याकडे बघत गेल्या. कात्रीसाहेबांनी मोबाईल काढला. आता रेंज आली होती आणि त्यातली बाई सांगत होती किती वाजता पोचाल. थोड्या वेळाने तिने वेळ वाढवली. आणखी थोड्या वेळाने आणखी वाढवली. परांजप्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं. मोबाईल खिशात ठेवा, त्रास कमी होतो."

माझ्या डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. कात्रीसाहेब बराच वेळ तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "यांना बसवलंय म्हणून गाडी अशी चालते काय?"

मी म्हटलं, "त्यांनी अजून तक्रार केलेली नाही."

सावंतवाडी मागे पडली. रस्ता सरळ, मोकळा, दोन्ही बाजूला काजूची झाडं. काटा चाळीसवर. कात्रीसाहेब पुढे वाकले, माझ्या सीटच्या पाठीला धरलं. सगळा हेल गेला होता आवाजातला.

"अहो, जरा पळवा की गाडी. मॅडम अकराला बसतात."

मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, मला सवय नाही."



पोचलो तेव्हा आमचा पुकारा होऊन गेला होता. मॅडम खुर्चीत, त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळात बारा वाजत आलेले. मी आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिलो. कात्रीसाहेब कोट चढवत चढवतच आपल्या टेबलाशी गेले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी कात्रीसाहेबांनाच धरलं.

"वकीलसाहेब, मी अकराची वेळ दिली होती."

"सॉरी, मॅडम. आंबोलीच्या घाटात गाडी बंद पडली. दुसऱ्याच्या गाडीतून यावं लागलं."

"ते कधी?"

"नऊला, मॅडम."

"नऊला आंबोलीहून निघालात, आणि आत्ता पोचताय?"

कात्रीसाहेब दमलेले होते, घामाघूम झालेले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक विचार न करता बोलले.

"काय सांगू, मॅडम, तो माणूस चाळीसच्या वर काटा जाऊच देत नाही. हात जोडले तरी नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोण माणूस?"

कात्रीसाहेबांनी नुसती मान हलवली, माझ्या बाजूला.

मी म्हटलं, "मॅडम, यांचं काही वय झालेलं नाही."